रिकाम्या गावाची रेंज

“फणस तोडून घेतलंय रे देवेश,” मला बघताच तुळसाकाकी खळ्यातून म्हणाल्या. “आता लाव बघूया फोन.”

अख्खा फणस बुंध्यापासून तुटून दारासमोर आडवा पडला होता. त्यांच्या नवऱ्याने लावलेला.

काकींचा मुलगा समर्थ बोटीवर नोकरीला. बोट उद्या बंदराला लागणार आणि गणेश चवथीच्या आरतीला तो फोन करणार होता. सात महिन्यांत आवाज नाही. टॉवरची देखभाल माझ्याकडे, म्हणून चार दिवसांपूर्वी त्यांनी मला विचारलं होतं, “रेंज फुल आसा, मगे फोन लागणा कित्याक नाय?” मी फणसाकडे बोट दाखवून मोकळा झालो होतो. ओल्या पानांनी सिग्नल पडतो, किती ते आधी कोणालाच सांगता येत नाही. तेवढंच त्यात खरं.

मी फोन लावला. रेंज फुल. कट. पुन्हा कट.

“त्या आंब्याचा काय?” काकी म्हणाल्या. “फणस तोडणारो गणपत अजून हंयच आसा. तो पण तोडूक सांगतंय.”

“नको काकी!” मी जवळजवळ ओरडलोच. “झाडांचो दोष नाय. मुंबैचे चाकरमानी इले, गाव भरलो. एक टॉवर एका वेळी थोड्याच माणसांचा ऐकता. दुसरो टॉवर होयो होतो. तो माझ्यामुळे रवलो.”

मग सगळं सांगितलं. मार्गशीर्षात गावपळण होती. ग्रामदेवतेचा कौल घेऊन सगळा गाव, गुरं-कोंबड्यांसकट, तीन दिवस वेशीबाहेर राहायला गेलेला. दुसरा टॉवर हवा का, हे ठरवायला रेंज मोजायची तारीख नेमकी तीच. पुढे ढकलायची तर साहेबांची बोलणी खावी लागली असती. मी गुपचूप वेशीच्या आत शिरलो. अख्ख्या गावात फोन एकच, माझा. रेंज झकास! अहवालात ठोकून दिलं, ‘एक टॉवर पुरेसा.’ मी जवळच्याच धामापूरचा, मला गावपळण ठाऊक नव्हती असंही नाही.

काकी आडव्या खोडावर बसल्या.

“मगे उद्या समर्थाचो फोन?”

“लागाचो नाय, काकी.” त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

घरातून वही-पेन आणून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

“आता माका सांगलंस, ता साहेबाक लिव. आणि वाचून दाखय.”

मी तिथेच लिहिलं आणि वाचू लागलो. “जुना अहवाल चुकीचा आहे. मोजणीच्या दिवशी गावात कोणीही नव्हतं...”

“कोण नाय कसो?” काकींनी मला थांबवलं. “तू होतंस मरे. ता लिव.”

मी ‘कोणीही नव्हतं’ खोडलं. वर लिहिलं, ‘मी एकटा होतो.’

आणि खाली सही केली.