ड्रायव्हरशेजारची जागा

“धबधब्यात बघायचंय काय? पाणी वरून खाली पडतं,” क्रेनवाला म्हणाला. “नळाखाली बादली लावा, तेच दिसेल.”

लेकीने मानही वर केली नाही. सहल ठरवायला जेवणाच्या टेबलावर तिने भला मोठा नकाशा पसरला होता. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून एका कोपऱ्यावर मिठाची बरणी ठेवली होती, दुसऱ्यावर नवऱ्याचा चहाचा कप, आणि लाल पेनाने ती एकेका ठिकाणाभोवती गोल काढत होती.

“बरं, मग किल्ला?” जावयाने विचारलं.

“पडक्या भिंती. मागच्या अंगणात आहे की एक.”

“आणि तो जुना दगडी पूल, बाबा?”

“पूल काय बघायचा असतो? पलीकडे गेलं की झालं.”

नात खुदकन हसली. गुबगुबीत गालांमुळे तिला सगळे ढब्बू म्हणायचे, आणि तिलाही ते चालायचं. भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, “यांना सोन्याचा डोंगर दाखवलात, तरी म्हणतील, फार पिवळा आहे.”

सगळे हसले. क्रेनवालाही हसला. नजर मात्र त्याची नकाशावरच होती.

त्या नकाशावरचा रस्ता न् रस्ता त्याच्या पायाखालचा होता. घाटात गाडी दरीत गेली की आधी माणसांना नेणारे यायचे, आणि ते निघून गेले की याची क्रेन. कमरेला दोर बांधून खाली उतरायचं, गाडीला साखळी लावायची आणि ती वर ओढून काढायची. आयुष्य त्यात गेलं. घरी मात्र त्याने कामाबद्दल चकार शब्द काढला नाही. ढब्बूला तर वाटायचं, आजोबा बंद पडलेल्या गाड्या दुरुस्तीला नेतात. तिने शाळेत तसं चित्रही काढलं होतं, त्यात सगळ्या गाड्या हसत होत्या.

लेकीने धबधब्याला गोल केला, तेव्हा तिला धबधबा दिसला असेल. याला दिसली निळी गाडी. मागच्या काचेवर कुणा पोराने चिकटवलेले कागदाचे मासे जसेच्या तसे होते. किल्ल्याखालच्या वळणावर पांढरी गाडी. पुलाच्या अलीकडे तर एकदा तो खाली उतरला, तेव्हा गाडीतली गाणी अजून चालूच होती. ती बंद करायचं बटण सापडेना, म्हणून त्याने तारच उपटली होती.

माणसं तो कधी बघत नसे. पण रिकामी गाडी सगळं सांगते. आणि जवळजवळ प्रत्येक गाडीने त्याला एकच गोष्ट सांगितली होती. चालवणाऱ्याला शेवटच्या क्षणी काय सुचतं कोण जाणे, तो चाक स्वतःच्या बाजूने फिरवतो आणि शेजारची बाजू दगडावर जाते. मागची सीट अनेकदा शाबूत असायची, उशीसुद्धा हललेली नसायची. ड्रायव्हरशेजारची जागा मात्र उरलेलीच नसायची. शास्त्र काय म्हणतं, त्याला ठाऊक नव्हतं. त्याने हे डोळ्यांनी बघितलं होतं आणि त्याच्यापुरतं तेवढं बस होतं.

म्हणूनच टॅक्सी असो नाहीतर कुणाची जीप, तो बायकोला कायम ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवायचा. “तिकडे नको, इकडे बस,” एवढंच म्हणायचा. ती बसायची.

“इथे हळू घे,” तो एकदम म्हणाला. त्याचं बोट आपसूक नकाशावरच्या एका वळणावर गेलं होतं.

“का? काय आहे तिथे?” लेकीने विचारलं.

“खड्डा आहे.”

खरं सांगून टाकावं, असं त्याला वाटलं नाही असं नाही. पण गाडी लेक चालवणार होती. जावयाला चालवता येत नव्हतं. लेकीने हौसेने गाडी घेतली होती, जुनी का होईना, आणि लायसन्स हातात आल्यापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. भीती चालवणाऱ्याच्या हातात उतरली की चाक थरथरतं, हेही त्याने बघितलेलं होतं. तिच्या डोक्यात निळी गाडी भरायची आणि तिला त्याच वळणावर पाठवायचं? त्यापेक्षा तोंडाला कुलूप बरं. भ्यायचं तर आपण एकट्याने भ्यावं.

नन्नाचा पाढा वाचून काही सहल रद्द होईना. शनिवार ठरला. डबे कोणते न्यायचे ते ठरलं. मग ढब्बू म्हणाली, “मी पुढे बसणार.”

“तू मागे,” लेक म्हणाली. “पुढे तुझे बाबा. त्यांचे पाय बघ केवढे आहेत, मागे मावतच नाहीत.”

“पुढे मी बसणार,” क्रेनवाला म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. एरवी हा माणूस लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोपरा शोधायचा.

“बाबा, तुम्हाला तर काहीच बघायचं नाहीये,” लेक म्हणाली. “पाणी वरून खाली पडतं ना?”

“ते मला पुढून बघायचंय.”

“अहो, जावई पाय दुमडून बसणार आणि तुम्ही ऐसपैस? बरं दिसतं का ते?” बायको म्हणाली.

“दिसू दे कसंही. मी पुढे बसणार, नाहीतर कुणीच जायचं नाही.”

आवाज जरा जास्तच चढला. ढब्बू आजीला जाऊन चिकटली. “बसू द्या ना त्यांना, मी मावेन कसातरी,” जावई पडत्या आवाजात म्हणाला, आणि त्याचा तो समजूतदारपणा क्रेनवाल्याला फार लागला. म्हातारपणी माणूस पोरकट होतो, असंच त्या सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. होऊ दे. पोरकट म्हणाले तर म्हणाले. लेकीने नकाशाची घडी घातली.

बायको मात्र भाजी निवडायची थांबली होती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि बराच वेळ बघत राहिली.

शनिवारी सकाळी तो दाराला कुलूप लावून वळला, तर बायको पुढच्या सीटवर बसलेली. पट्टा लावलेला, पिशवी मांडीवर.

“उतर,” तो म्हणाला.

“मला गाडी लागते,” ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “मागे बसले तर उलट्या होतील.”

“अगंबाई, आई, आधी सांगायचंस ना,” लेक म्हणाली. जावई निमूटपणे पाय दुमडून मागे बसला.

गाडी लागते म्हणे. या बाईला उभ्या जन्मात गाडी लागली नव्हती. घाटातल्या बसमध्ये सगळे पिवळे पडायचे, तेव्हा ही शेंगदाणे खात खिडकीबाहेर बघत असायची. क्रेनवाला खिडकीपाशी वाकला.

“ऐक माझं. मागे ये,” तो हळूच म्हणाला.

“इतकी वर्षं तुम्ही मला मागे बसवलंत,” तीही तितक्याच हळू म्हणाली. “मी कधी विचारलं का, का म्हणून? मग आता तुम्हीही विचारू नका. बसा मागे.”

“तुला कळत नाहीये...”

“सगळं कळतं. तुमच्या कपड्यांवरचे डाग कोण धूत होतं?”

तो तिच्या मागे बसला. दुसरं काय करणार होता?

घाट लागला. लेक जपून चालवत होती, खड्डा आहे म्हटलेल्या वळणावर तिने आठवणीने वेग कमी केला. खड्डा नव्हताच. क्रेनवाल्याने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती, जणू वेळ आलीच तर ती तशीच मागे ओढून घेता येणार होती. त्याला समोर दिसत होता तिचा पिकलेला अंबाडा आणि खिडकीवरची कडी धरलेला तिचा हात. त्या हाताची बोटं पांढरीफटक पडली होती.

“छान चालवतेस गं,” ती लेकीला म्हणाली. आवाजात कुठे कंप नव्हता.

“आजोबा, बघा, बघा ना,” ढब्बूने त्याची बाही ओढली. काचेवर तुषार उडाले. बाहेर कसला तरी मोठा आवाज होत होता. त्याची नजर अंबाड्यावरून हलली नाही.

ते सगळे संध्याकाळी सुखरूप घरी आले. पुढे शेजारीपाजारी विचारायचे, कसा होता हो धबधबा? क्रेनवाला म्हणायचा, “पाणी वरून खाली पडतं.”

त्यावर सगळे हसायचे. बायको हसायची नाही. ती उठून त्याच्यासाठी चहा टाकायची.