गळ्यातलं दावं

जळगावच्या शाळेत संस्कृत घेतलेली आमच्या गावची पहिली मुलगी मी! दिवाळीच्या सुट्टीत एरंडोलजवळच्या आमच्या गावी आले ती नव्या शब्दांनी नुसती फुगून. आणि आल्या आल्या सुकदेवकाका अन् सुंदरकाकीची गाय मेली.

साधी मेली नाही. काकीनं संध्याकाळी गोठ्यात बांधली, पहाटे दाव्याचा फास लागून गेली. गळ्यात दावं असताना गाय मेली, की बांधणाऱ्याला गोहत्या लागते. मग त्यानं तेच दावं आपल्या गळ्यात घालून पाच गावं हिंडायचं, दारोदार भीक मागायची, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. फक्त हंबरायचं. काकीला सातवा महिना. आधीची दोन पोटातच गेलेली.

"उन्हातान्हात हिंडून हेही जाईल, अन् तीही," आई म्हणाली.

पारावर पंच बसले, मधोमध कौतिकआबा. एरंडोलहून शास्त्रीबुवा पोथी घेऊन आलेले.

"हाई महापातक शे," आबा म्हणाले. "सूट नही."

मी बायकांतून उठलेच. "आबा, चुकलं तुमचं! महापातकं पाच. ब्रह्महत्या, मद्यपान, सोन्याची चोरी..." चौथं मोठ्यांसमोर म्हणवेना, ते गिळलं. "आणि असल्या पाप्यांची संगत. गाय त्यात नाहीच. ती उपपातकात."

"ऐका! सुकदेवनी पुतणी आमले शिकाडी ऱ्हायनी!"

"नवरदेवले भी संस्कृतमा शिव्या देशी का वं?"

सगळा पार हसला. शास्त्रीबुवांनी मात्र पोथी सोडली, ओळींवरून बोट फिरवलं. "पोरगी बरोबर सांगते. गोवध उपपातकातच आहे."

मी तर हवेतच! आबांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं. पाच नही, तीन गावं."

"तीन तरी कशाला? काकी वाटेत मेली तर? ते कोणतं पातक, सांगा ना बुवा!"

मला वाटलं, आता महापातक निघणार आणि आबांची बोबडी वळणार. बुवांना पान उलटावंसुद्धा लागलं नाही.

"स्त्रीवध," ते हळूच म्हणाले. "तेही उपपातकच. याच यादीत, थोडं खाली."

वर्गात हे शब्द मी सागरगोट्यांसारखे झेलले होते. त्यात आपण कुठे आहोत, ते पाहिलंच नव्हतं.

काकी उठली. दावं तिनं आपल्याच हातानं गळ्यात घातलं.

मी तिच्यासोबत निघाले. तिला बोलायला बंदी होती, मला नव्हती. पहिल्या गावात पहिल्याच दारात काकी हंबरली. भाकरी घेऊन एक म्हातारी बाहेर आली, भिकुबाई.

मी म्हणाले, "आजी, ही सुंदरबाई. हिच्या हातून गाय मेली, ते उपपातक. हिला सातवा महिना आहे. ही मेली तर तेही उपपातक."

"कोन म्हने असं?"

"पोथी."

भिकुबाईनं भाकरी माझ्या हातात दिली. ओटा उतरून तिनं काकीच्या गळ्यातलं दावं काढलं आणि स्वतःच्या गळ्यात घातलं.

"जाय, तुमना पंचसले सांग. आते दावं मना गयामा शे. बाई आठेच ऱ्हाई."

तिनं काकीला सावलीत बसवलं, पाणी दिलं. "बोल वं माय, आते बोल."

काकीनं आमच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं.

आणि हंबरली.