कोरड्या विटांची भिंत

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेले नसेल आणि ज्यांनी पाहिले असेल त्यांना मी भोवरा वाटलो असेन. मला भोवरा समजून फिरवू पाहणारे दोन-चार महाभाग आयुष्यात भेटले. त्यांच्याविषयी न बोललेलेच बरे. मी एका गवंड्याचा जुना ओळंबा आहे. लिंबाएवढे पितळेचे वजन, त्यात ओवलेली दोरी आणि दोरीवर माझ्याच रुंदीचा एक लाकडी गुटका. गुटका भिंतीच्या माथ्याला टेकवायचा आणि मला खाली सोडायचे. मी भिंतीला जेमतेम शिवून थांबलो तर भिंत सरळ. दूर राहिलो किंवा भिंतीवर रेललो तर वाकडी. माझे शिक्षण एवढेच. एवढ्याशा शिक्षणावर मी जन्मभर लोकांना नावे ठेवत आलो, हे आधीच कबूल करून टाकतो.

मला एका लेथवाल्याने घडवले. टोक अगदी मधोमध आले नाही म्हणून माझ्याआधीचे दोन ओळंबे त्याने भंगारात टाकले होते. ते मी पाहिले होते, आणि माझ्यातला ताठा बहुधा तिथूनच आला.

मला विकत घेणारा गवंडी कमी बोलणारा होता. एकतीस वर्षे मी त्याच्या खिशात राहिलो. दुकाने, दवाखाने, पाण्याच्या टाक्या, किती भिंतींवरून मी खाली उतरलो याचा हिशेब माझ्याकडे नाही. एकदा एका शाळेच्या बांधकामावर मोठे इंजिनियर आले. भिंत पाहून म्हणाले, "या माणसाच्या भिंतीला ओळंबा लावायची गरज नाही."

गवंडी म्हणाला, "लावतो म्हणून तशी येते, साहेब."

माझी अशी स्तुती पुन्हा कुणी केली नाही.

मग गवंड्याचे हात थरथरू लागले. आधी चहाचा कप हिंदकळू लागला, मग थापीवरचा सिमेंट-वाळूचा माल सांडू लागला. एका संध्याकाळी त्याने मला पुसले, दोरी गुंडाळली आणि पिशवीत ठेवले. बायको आधीच गेलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत तो एकटाच राहत होता. पुढे त्या जिन्यावर तो पडला, आणि लेक त्याला आपल्या घरी घेऊन आली. पिशवीतून मीही आलो. भाड्याची खोली मात्र त्याने सोडली नव्हती.

आता या घराविषयी. घर लेकीचे आणि जावयाचे, असे म्हणायची पद्धत आहे. खरे म्हणजे ते बँकेचे. चौदा वर्षांचे हप्ते अजून बाकी. जावई एका मालवाहतूक कंपनीत इतरांच्या बिलांमधल्या चुका काढतो. त्याचा त्याला पगार मिळतो. स्वतःच्या चुका काढण्याचा मिळत नाही, म्हणून तो ते काम करत नाही.

फ्रिजच्या दारावर त्याने घरखर्चाचा तक्ता लावला होता. तीन रकाने: 'आवश्यक', 'हौस' आणि 'पुढे बघू'. कागद सुबक, रेघा रंगीत. 'आवश्यक'मध्ये हप्ता, वीज, किराणा, औषधे आणि त्याखाली 'हॉलचा वॉलपेपर'. हा वॉलपेपर म्हणजे विटांचे चित्र छापलेला कागद. चांगल्या गिलावा केलेल्या भिंतीवर विटांचे चित्र चिकटवायला माणसाने पैसे मोजावेत, आणि तेही एका गवंड्याच्या डोळ्यांदेखत. मी पितळेचा आहे, मला ओकारी येत नाही. 'बाबांची खोली' मात्र आठ महिने 'पुढे बघू'मध्ये पडून होती. बाबा हॉलमधल्या सोफ्यावर, छापील विटांकडे तोंड करून झोपत.

आणि मी? जावयाने पिशवीतून मला काढले, हातात तोलले आणि म्हणाला, "वा, छान आहे जड." त्या दिवसापासून मी टेबलावर बिले दाबून बसलो. एकतीस वर्षांच्या नोकरीचे हे निवृत्तिवेतन.

एका सकाळी गवंडी लेकीला म्हणाला, "एक तारखेला मी माझ्या खोलीवर जातो म्हणतो."

"त्या जिन्यावर? परत पडायला?"

"एकदा पडलो म्हणजे रोज पडणार का? तुमची अडचण होते, पोरी. माझं खोकणं, माझं उठणं. माणसाला दार लावता येईल एवढी तरी जागा लागते."

लेक औषधांच्या दुकानात काम करते. पडलेली म्हातारी माणसे पुढे कशी होतात ते ती रोज पाहते. ती फ्रिजकडे गेली, पेनने 'बाबांची खोली' खोडली आणि पहिल्या रकान्यात लिहिली. वॉलपेपरच्या वर.

जावई संध्याकाळी म्हणाला, "असं मधेच लिहून नाही चालत. ताळमेळ बसत नाही."

"हॉलमध्ये एक आडवी भिंत घालायची, खिडकीकडचा भाग त्यांना द्यायचा. एका भिंतीने तुमचा ताळमेळ कोसळतो का?"

त्याने एका कंत्राटदाराला बोलावले. कंत्राटदाराने आकडा सांगितला आणि जावयाने त्याला चहासुद्धा न विचारता दारापर्यंत पोहोचवले. "लुटारू आहेत. मीच बांधतो. दोन व्हिडिओ पाहिलेत, काही अवघड नाही त्यात."

"अहो, बाबांना विचारा तरी."

"त्यांना कशाला त्रास? जन्मभर कष्ट केलेत. आता आराम करू दे."

आदराच्या नावाखाली माणसाला अडगळीत टाकायची ही रीत मी पुष्कळ घरांत पाहिली आहे. पण माझा राग गवंड्यावरही होता. ज्याने मुकादमांना तोंडावर सुनावले, तो जावयासमोर मांजर झाला होता. लेकीने विचारले तेव्हा म्हणाला, "त्यांचं घर आहे. मी कोण सांगणार?"

शनिवारी विटा आल्या. जावयाने हातमोजे घातले, नवी टोपीही घातली. विटा पाण्यात भिजवल्याच नाहीत. जिथे पडल्या होत्या तिथूनच, धुळीसकट, उचलून लावत सुटला. कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते आणि माल धरत नाही, हे काम शिकणारा पोरगासुद्धा पहिल्या आठवड्यात शिकतो. प्रत्येक विटेवर तो पातळी मोजणारे अॅप लावून फोन आडवा ठेवी आणि म्हणे, "परफेक्ट." प्रत्येक वीट आपापल्या जागी आडवीच होती, भिंत मात्र वर जाता जाता हॉलकडे वाकत होती. गवंडी सोफ्यावर वर्तमानपत्र धरून बसला होता. दोन दिवस तेच पान.

रविवारी संध्याकाळी भिंत छातीपर्यंत आली. लेक तिच्याकडे मान तिरकी करून पाहत राहिली.

"ही माझ्या अंगावर येतेय असं का वाटतं मला?"

"नवीन आहे म्हणून. सवय होईल."

तिने बिलांवरून मला उचलले. लहानपणी वडिलांना डबा द्यायला जायची तेव्हा तिने मला पाहिले होते. तिने गुटका भिंतीच्या माथ्याला टेकवला आणि मला सोडले. मी खाली आलो, थांबलो. माझ्यात आणि भिंतीत दोन बोटे सहज मावत होती. मला झालेला आनंद चांगल्या वस्तूला शोभणारा नव्हता.

"फोन तर सरळ दाखवत होता," जावई म्हणाला.

"फोनला विचारलंत ना, मग फोनलाच झोपवा इथे."

"हे बघ, प्लास्टर जाड करू. वरून वॉलपेपर उरलाय थोडा. दिसणार नाही कुणाला."

"बाबांचा पलंग याला लागून येणार आहे."

"चौदा वर्षं हप्ते आहेत, अगं. एकच भिंत दोनदा बांधायला पैसे कुठून आणू?" या वेळी त्याचा आवाज बिले तपासणाऱ्याचा नव्हता. तो खरोखर घाबरला होता. मी त्याकडे दुर्लक्ष केले.

सोफ्यावरून गवंडी म्हणाला, "भांडू नका रे. आजपासून चौथ्या दिवशी एक तारीख आहे. मी जातोच."

कुणी जेवले नाही म्हटले तरी चालेल.

सोमवारी दोघे कामाला गेले. दार लागताच गवंडी उठला, पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली आणि वरच्या थरापासून सुरुवात केली. छिन्नी हलायची, घाव चुकायचा, बोटांवर बसायचा. पण एकेक वीट सुटत होती. प्रत्येक वीट तो मांडीवर घेऊन खरवडे, बादलीत बुडवी आणि भिंतीच्या कडेला रचून ठेवी. मध्ये दोनदा तो जमिनीवरच बसून राहिला. मी टेबलावरून पाहत होतो. आठ महिन्यांत मी त्याला मनातल्या मनात जे जे म्हणालो होतो ते मला आठवत होते.

संध्याकाळी जावई दारातच थबकला. भिंत नव्हती. रचलेल्या विटांवर ओले गोणपाट होते, आणि बाजूला गवंडी, बोटांना चिंधी बांधून.

"बाबा, हे काय केलंत?"

"एकशे ऐंशी विटा होत्या. अकरा फुटल्या, बाकी वाचल्या. माल पुरता धरला असता तर यातली एकही मिळाली नसती. तुम्ही विटा भिजवल्या नाहीत, जावईबापू, म्हणून सुटल्या. तुमची चूकच कामी आली."

लेक त्याची बोटे पाहत उभी होती. जावयाने बॅग खाली ठेवली, बूट काढले, गोणपाट उचलून एक वीट हातात घेतली. ओली होती.

"किती वेळ ठेवायच्या पाण्यात?" त्याने विचारले.

आठ महिन्यांत त्याने गवंड्याला कामाविषयी विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

ते रोज संध्याकाळी दोन-तीन थर लावू लागले. गवंडी सोफ्यावरून सांगायचा, जावई करायचा. "थापी धरलीय की चमचा?" "माल पसरा, वाढू नका." जावई निमूटपणे ऐकायचा. एक तारीख आली तेव्हा भिंत गुडघ्यापर्यंत होती, आणि काम अर्धे सोडून गवंडी कुठे जात नसतो.

भिंत कमरेपर्यंत आली तेव्हा गवंड्याने मला हातात घेतले. मी या क्षणाची वाट पाहत होतो. त्याने गुटका टेकवला, मला सोडले, आणि मी झुलू लागलो. त्याच्या हाताची थरथर दोरीतून माझ्यापर्यंत येत होती. मी थांबायचा प्रयत्न केला. जमले नाही. जन्मभर ज्याचा हात मी खरा मानला, त्याच्याच हातात मला काही सांगता येईना.

"धरा तुम्ही," गवंडी जावयाला म्हणाला. "मी खाली बसून बघतो."

जावयाने गुटका धरला. सांगायला लाज वाटते, पण त्याचा हात दगडासारखा स्थिर होता. मी थांबलो. गवंड्याने जमिनीला गाल टेकवून पाहिले.

"केसभर आत घ्या. हं. पुढची वीट आणा."

मित्रांनो, खोली झाली. दाराला कडी आहे, आणि गवंडी ती रोज आतून लावतो. तुमच्या घरी असे एखादे जुने हत्यार असेल तर त्याला फडक्याने पुसत जा, दोरी कुजली असेल तर बदला. आणि ते चालवणारे माणूस घरात बसले असेल, तर त्याला आराम देण्याआधी एखादा प्रश्न विचारा. जावयाला मी अजूनही गवंडी मानत नाही. त्याचा वॉलपेपर मी मरेपर्यंत विसरणार नाही. फक्त त्याने दोरी धरली की मी लगेच थांबतो.