डाव्या नाकाचा डॉक्टर

पाचपावलीतल्या बाबनरावांच्या सावजी भोजनालयाचं सगळं भांडवल म्हणजे बाबनरावांचं नाक. त्यांचे वडील मागावर लुगडी विणायचे आणि सुताचा कस बोटांनी ओळखायचे. माग गेला, तेव्हा ते कसब बोटांतून उठून मुलाच्या नाकात येऊन बसलं असावं. कढईत धने, खसखस, दगडफूल भाजताना बाबनराव डोळे मिटून उभे राहत आणि मसाला करपायच्या एक श्वास आधी म्हणत, "उतरव वं." चंद्रकलाबाई कढई उतरवीत. लग्नापासून नवऱ्याचा एवढा एकच हुकूम त्यांनी बिनतक्रार मानला होता.

तेच नाक दोन वर्षांपासून संपावर होतं. सर्दी यायची, गालात ठणका लागायचा, खाली वाकलं की डोळ्यामागे दगड लोंबकळल्यासारखं व्हायचं. गोळ्या घेतल्या की जायची आणि माहेरी आलेल्या नणंदेसारखी पुन्हा दारात उभी. वास कशाचाच नाही. मसाला अंदाजानं भाजला जाऊ लागला. गिऱ्हाईकं भली, तोंडावर कोणी काही म्हणेना. फक्त पूर्वी रस्सा दुसऱ्यांदा मागणारी माणसं आता पाणी दुसऱ्यांदा मागायची. बाबनरावांच्या ते ध्यानात येत होतं.

"दिवाळीपर्यंत नाक नाई आलं तं पाटी उतरवू," त्यांनी सांगून टाकलं. "बिननाकाच्या माणसानं सावजी करू नये. लोकाच्या पोटाशी मजाक आहे तो."

चंद्रकलाबाई पदर खोचून डॉक्टर शोधायला निघाल्या.

नागपुरात डॉक्टर शोधावा लागत नाही; सांगणारेच घरी येतात. भावजयीचा एक, मावसभावाचा एक, समोरच्या पानठेलेवाल्याच्या साळ्याचा एक. आणि ज्यानं सांगितला त्याच्या डॉक्टरकडे गेलं नाही तर तो लग्नात जेवायला न थांबता जातो. म्हणून चंद्रकलाबाईंनी कोणालाच दुखावलं नाही. सगळ्यांकडे नेलं. त्यांची स्वतःची एक कसोटी मात्र होती : दवाखान्याच्या दारातल्या चपला. चपला जास्त, तर डॉक्टरच्या हाताला गुण जास्त.

आत गेल्यावर बोलायचं त्यांनीच. डॉक्टर बाबनरावांना विचारत आणि बाबनराव तोंड उघडेपर्यंत उत्तर देऊन झालेलं असे.

"याइले ना साहेब, थंडीच बाधते. जवाईबापूच्या घरून जेवून आले का दुसऱ्याच दिवशी गाल सुजते. तिथं एसी आहे ना, मोठा!"

मोठा एसी हे दुखण्याचं कारण कमी आणि जावयाचं कौतुक जास्त होतं. लेक प्रणाली दिली होती ती दाताच्या डॉक्टरला, प्रज्वलला. मनीषनगरात त्यानं दवाखाना टाकला तेव्हा खुर्चीत पहिला पेशंट म्हणून सासराच बसला पाहिजे, असा चंद्रकलाबाईंनी आग्रह धरला. शकुनाचं काम. बाबनरावांची वरची एक दाढ किडलेली होतीच. हार, पेढे, फोटो झाले. पुढच्या काही खेपांत प्रज्वलनं दाढेचं रूट कॅनल करून वर पांढरी शुभ्र कॅप बसवली. तो फोटो अजून भोजनालयात गल्ल्याच्या वर टांगलेला आहे, देवाच्या बरोबरीनं.

एसीची हकिगत ऐकून एका डॉक्टरनं ॲलर्जी लिहिली. दुसऱ्यानं वाफ आणि नाकात मारायचा फवारा दिला. तिसऱ्याच्या दारात चपलांचा ढीग जिन्यापर्यंत होता. त्यानं सीटी स्कॅन काढायला लावला आणि नाकाचं हाड वाकडं असल्याचं सांगून ऑपरेशनची तारीखच दिली. चंद्रकलाबाई खूश. एवढ्या चपला खोटं बोलणार नाहीत.

पण प्रणालीनं फोनवर अडवलं. "आई, नाक कापाच्या आधी अजून एकीले दाखवू. रामदासपेठेत डॉक्टर दामिनी आहे, मी नंबर लावून ठेवला."

डॉक्टर दामिनीच्या दारात चपला मोजक्याच. चंद्रकलाबाईंनी तिथंच तोंड वाकडं केलं. "चालतच नाई वाटते इचं."

आत बसल्याबरोबर त्यांनी नेहमीची गाडी सुरू केली. एसीपर्यंत पोचल्या तेव्हा डॉक्टरनं आपली खुर्ची बाबनरावांकडे वळवली.

"काकू, तुमचं छान समजलं मला. आता नाक ज्यांचं आहे त्यांना बोलू द्या. काका, कोणत्या बाजूला दुखतं?"

बाबनराव बावरले. हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी थेट विचारला होता. "डाव्या."

"उजव्या बाजूला कधी?"

"कधीच नाई."

"वास अजिबात येत नाही?"

"येते नं. एकच येते. सडका. आतून. घरात कोणालेच नाई येत, मलेच येते."

"हे तुम्ही मले सांगतलं नाई जी!" चंद्रकलाबाई उसळल्या.

"तू बोलून राहिली होती नं."

डॉक्टरनं सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर धरली. उजव्या गालामागची पोकळी झाडून ठेवल्यासारखी स्वच्छ, डावी काठोकाठ भरलेली. तिनं फिल्मच्या खालच्या बाजूला बोट टेकवलं. मग बाबनरावांना तोंड उघडायला लावलं आणि छोट्या आरशाच्या दांडीनं वरच्या डाव्या दाढेवर हलकेच टकटक केली. बाबनराव खुर्चीवरून वीतभर उठले.

"हाड जरा वाकडं आहे, पण ते कुणाचंही असतं. त्याला आता हात लावायचा नाही. घाण या दाढेच्या मुळातून वर झिरपतेय. आधी दाढेचा बंदोबस्त, मग उरलंसुरलं मी बघते. तुम्हाला आधी दाताचा डॉक्टर पाहिजे. ही कॅप कोणी बसवली?"

बाबनराव छताकडे पाहू लागले. पण सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची चंद्रकलाबाईंची सवय एका दिवसात थोडीच सुटणार?

"आमच्या जवाईबापूनं!" त्या अभिमानानं म्हणाल्या. आणि मग, उशिरा, त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

घरी येताना ऑटोत बाबनरावांनी सगळं कबूल केलं. दाढ पहिल्यापासून ठणकत होती. पण जावई हौसेनं विचारायचा, "मामाजी, दाढ कशी आहे?" आणि जावयाच्या हाताला नावं ठेवायची कशी? म्हणून मनीषनगरला जेवायला बसलं की हे मटणाची नळी मुद्दाम डाव्या बाजूला घेऊन त्याच दाढेनं कडाकड फोडून दाखवायचे. जावई खूश, लेक खूश, आणि दुसऱ्या दिवशी गाल सुजलेला.

"अन् मी त्या एसीले शिव्या देऊन राहिली!" चंद्रकलाबाईंनी कपाळावर हात मारला.

"ऐक माह्यं," बाबनराव हळूच म्हणाले. "जरीपटक्यात एक दातवाला आहे. चुपचाप तिथं काढून टाकू दाढ. पोराले समजू द्याचं नाई. नवा दवाखाना आहे त्याचा. प्रणालीले काय वाटन?"

चंद्रकलाबाईंनी पिशवीतली फिल्म मांडीवर घेतली. गोळीबार चौक आला तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या बाबाच्या लुगड्यात एखादा धागा चुकला तं गिऱ्हाईक कुठं जाये जी?"

"आपल्याच दारी. बाबा तेवढी पट्टी उसवून परत विणून देत."

"अन् दुसऱ्या कोष्ट्याकडे नेलं असतं तं?"

बाबनरावांना आठवलं. असं एकदा झालं होतं. खापा गावच्या एका बाईनं काठातली चूक शेजारच्या कोष्ट्याकडून नीट करून घेतली, तेव्हा बाबा दोन वेळा जेवले नव्हते. चुकीचं त्यांना काही नव्हतं. आपल्याला सांगितलं नाही, याचं होतं.

"ऑटो वळव बापा," बाबनराव म्हणाले. "मनीषनगर."

प्रज्वल फिल्म पाहून आधी लाल झाला, मग पांढरा. खुर्चीवर सासऱ्यांना निजवून त्यानं नवा एक्स-रे काढला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

"या दाढेच्या मुळांत नसेच्या तीन वाटा असतात, कधीकधी एक चौथीही असते, केसासारखी बारीक. ती माझ्याकडून सुटली, मामाजी." त्यानं तोंडावरचा मास्क काढला. "पण तुम्ही सांगायचं ना! मी दर वेळी विचारत होतो. नळ्या काहून फोडल्या?"

"तुम्ही एवढ्या प्रेमानं वाढत होते," बाबनराव म्हणाले.

प्रज्वलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. प्रणाली मात्र आईवर गेलेली. तिनं बापाला, नवऱ्याला आणि आईला एकाच दमात सुनावलं. मग प्रज्वलनं आपल्या कॉलेजच्या सरांना फोन लावला. ते काम सूक्ष्मदर्शकाखालीच नीट होणार होतं. सरांनी दाढ उघडली, बाजूला हत्यारं हातात देत प्रज्वल उभा राहिला, आणि ती चुकार वाट दोघांनी मिळून शोधून साफ केली. उरलेली घाण डॉक्टर दामिनीच्या औषधांनी आणि मिठाच्या पाण्यानं हळूहळू गेली. नाकाच्या हाडाला कोणी हात लावला नाही. ते अजून वाकडंच आहे आणि सुखात आहे.

दिवाळी तोंडावर आलेली. चंद्रकलाबाई कढईवर मसाला भाजत होत्या. बाबनराव गल्ल्यावर बसून पाटीकडे पाहत होते. उतरवायची झाली तर शिडी कोणाची मागायची, याचा विचार चालला असावा. अचानक त्यांनी मान वर केली. नाकपुड्या फुलल्या. उजवी, आणि मग डावी.

ते उठून आत आले. "धने लागले वं."

"काहीच्या काही. परवापर्यंत तं मस्त म्हणून राहिले होते."

"परवापर्यंत मले वास कुठं येत होता? दोन वर्षं तू धने जाळूनच राहिली."

चंद्रकलाबाई झारा हातात घेऊन वळल्या. आता इथं दिवाळीआधीच फटाके फुटणार असं पोळ्या लाटणाऱ्या बाईला वाटलं. पण बाबनराव कढईवर वाकून, डोळे मिटून, त्या करपलेल्या मसाल्याचा वास असा घेत होते, जसं कोणी नातवाच्या टाळूचा घ्यावा.

चंद्रकलाबाईंनी कढई उतरवली. सगळा मसाला परातीत ओतला आणि कढई पुसून पुन्हा चुलीवर ठेवली.

"घ्या. उसवला," त्या म्हणाल्या. "आता उभे राहा इथं, अन् बोलत जा."