मांडीवरची घोडी

तुम्ही खोटं बोललात, साहेब. भर यात्रेत, माइक हातात धरून खोटं बोललात. "सुदर्शनला आपण साधासुधा नाही, खास गेमिंगचा लॅपटॉप देतोय, आता घरबसल्या काय वाट्टेल ते खेळ म्हणावं," असं म्हणालात, टाळ्या घेतल्यात, त्याच्या बायकोच्या हातात खोकं ठेवून फोटो काढलात आणि जेवायला गेलात. खोक्यावरचा लाल स्टिकर कुणी चिकटवला ते तुम्हाला माहीत. आतलं यंत्र दाखले टाइप करायच्या लायकीचं होतं. माणसाचं तोंड बंद करायला वस्तू द्यायची आणि तीसुद्धा धड द्यायची नाही, याला आमच्याकडं हलकटपणा म्हणतात.

ते खोकं आण्याच्या पठारावरच्या त्या घरात गेल्यावर पुढं काय झालं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ऐका.

सुदर्शन घोडीवाला. बैलगाड्याची शर्यत ज्यांनी पाहिली नाही त्यांना वाटतं, बैल आपले आपण पळतात. तसं नसतं. बैलांच्या पुढं घोडी पळते, घोडीवर एक माणूस असतो, आणि तिच्या मागं बैल जीव खाऊन घाट, म्हणजे शर्यतीची चढाची धावपट्टी, चढतात. तो पुढचा माणूस डगमगला तर मागचा सगळा खेळ मातीत. जुन्नर-आंबेगावच्या घाटांवर सुदर्शननं घोडी काढली की भोंग्यावरचा माणूस आधी त्याचं नाव घ्यायचा, मग गाडामालकाचं.

गेल्या चैत्रात आंबेगाव तालुक्यातल्या एका घाटात, तुम्ही भरवलेल्या शर्यतीत, पब्लिक धावपट्टीत घुसलं. घोडी बिचकली, सुदर्शन उडाला, मागून गाडा आला. घोडी वाचली, बैल वाचले. सुदर्शनचं कंबरेखालचं अंग गेलं.

तेव्हापासून तो खाटेवर होता. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, वृषालीला, बाजूला घेऊन बजावलं होतं, "त्यांना बसवा. रोज बसवा. लोळत राहिले तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ धरेल. मग आमच्या हातात काही राहणार नाही." चाकाची खुर्ची आली. महिना झाला तरी ती कोपऱ्यातच उभी होती आणि तिच्यावर धुतलेले कपडे पडत होते. वृषालीनं विनवून पाहिलं, रुसून पाहिलं. सुदर्शन एवढंच म्हणायचा, "घोडीवर बसलेला माणूस हाये मी. त्या गाड्यात नाय बसायचो." आणि तोंड भिंतीकडं.

म्हणून तुमचं खोकं घरात आलं तेव्हा वृषालीला आशा वाटली. तिनं मोबाइलचं नेट लावून घोडा पळवायचा एक गेम उतरवला. मोकळं गवताचं रान, त्यात एक तांबूस घोडी, बटणं दाबली की पळते. सुदर्शनच्या पाठीशी उशा लावल्या, लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला आणि ती भाकरी थापायला निघून गेली.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "वृषाली, हिला काय झालंय?"

किती दिवसांनी त्यानं आपण होऊन हाक मारली होती. ती पिठाच्या हातानं धावली. घोडी चालत होती तोवर ठीक होतं. दौडीला लागली की चित्र अडकायचं. एक पाय हवेत राहायचा, मग एकदम चार हात पुढं, मग पुन्हा पाय हवेत.

"पाय भरून आल्यात हिचं," सुदर्शन म्हणाला. "नायतर खुराक कमी पडतोय."

"अहो, ती काय खरी हाये का?"

"पळती ना? मंग खुराक लागतोच."

वाटेत एक आडवं पडलेलं लाकूड होतं. त्याच्यावरून उडी मारायची. नेमकी उडी घेताना घोडी अडकायची आणि स्वार खाली पडायचा. तीनदा पडला. सुदर्शननं झाकण मिटलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. सुदर्शनचं अंग पुसताना त्याच्या आईला, कुशाबाईला, त्याच्या मांडीवर रुपयाएवढा फोड दिसला. लॅपटॉपच्या बुडाशी गरम वारा निघतो, त्यानं भाजलं होतं. त्याला कळलंच नव्हतं. कळणार कसं?

कुशाबाई रडली नाही. तिनं पेटीतलं आपलं जुनं लुगडं काढलं, सुदर्शनचा शर्यतीतला एक फेटा काढला, आणि दुपारी ओट्यावर बसून चार पदरी गोधडी शिवली, लॅपटॉपच्या मापाची. त्या घरात बैल पळून आला की त्याच्या पाठीवर झूल टाकायची रीत. म्हातारीनं हिलाही झूलच म्हटलं. "आता खुशाल ठेव मांडीवर. चटका लागायचा नाय."

पण घोडी अडकायची ती अडकायचीच. तेव्हा वृषालीनं लॅपटॉप पिशवीत घातला आणि एसटीनं आळेफाट्याला उतरली.

हमदानचं दुकान टायरवाल्याच्या आणि चहाच्या हॉटेलाच्या मध्ये. मोबाइल, लॅपटॉप, प्रिंटर, जे बिघडेल ते. त्यानं लॅपटॉप पालथा करून पाहिला.

"वहिनी, हा गेमिंगचा नाय."

"स्टिकर तर हाये वर."

"स्टिकर माझ्याकडं बी लई हायेत. स्कूटीला लावतो, व्हईल का तिची बुलेट?"

वृषाली हसली नाही. तिनं त्याला फोडाचं सोडून बाकी सगळं सांगितलं. लाकडाचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं. हमदाननं चहा मागवला आणि मागचे स्क्रू सोडवायला लागला.

"हे बघा. खऱ्या गेमिंगवाल्याला चित्रं काढायला येगळं कार्ड असतं. त्याची मेमरी येगळी. ह्याच्यात ते काम प्रोसेसरच्याच पोटात घातलंय. येगळी चूल नाय. मशिनची जी मेमरी असंल त्यातलीच वाटून घ्यायची."

"म्हंजे एकत्र कुटुंब."

"तेबी एका ताटात जेवणारं." त्यानं झाकण उघडून बोट ठेवलं. हिरवी पट्टी एक, आणि तिच्या शेजारी तशीच एक रिकामी खाच. "मेमरीला जागा दोन हायेत, भरलीय एक. दोन्ही भरल्या की दोन्हीकडनं एकदम माल येतो. एकीवर निम्म्यानं. बाकी कामाला फरक कळत नाय, पण चित्रं काढणाऱ्याचा लई जीव जातो."

वृषाली त्या रिकाम्या खाचेकडं बघत राहिली. "जू दोघांचं आन् जुंपलाय एकच बैल," ती म्हणाली. "देताना त्यांना दिसलं नसंल?"

"देणारा कधी उघडून बघतो का, वहिनी?"

त्यानं जोडीची पट्टी बसवली. पडद्यावरच्या चित्राची साइझ खाली आणली, झाडांच्या सावल्या बंद केल्या, गवत विरळ केलं. कोपऱ्यात एक आकडा लावून दिला. सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात त्याचा. पट्टी बसवण्याआधी त्यानं मोजला तेव्हा तो चौदा-पंधरा होता, आता तिशीच्या वर गेला.

"खोटं नाय सांगत. कार्ड नाय ते नाय, लई मोठे गेम इसरा. पण हा आकडा तिशीखाली आला नाय तर घोडी पळंल." मग स्क्रू आवळता आवळता म्हणाला, "भाऊंनी घोडी काढली की मी कठड्यावर चढून वरडायचो. अब्बांचा मार खाल्लाय त्यापायी. त्यांना माझा सलाम सांगा."

घरी आल्यावर घोडी पळाली. सुदर्शनचे खांदे पुढं आले, मान खाली गेली, ओठ दाताखाली गेला. वृषालीनं हे रूप घाटात शंभरदा लांबून पाहिलं होतं, एवढ्या जवळून कधी नाही. लाकूड आलं. घोडी उडाली आणि पलीकडं पोचली. कुशाबाई दारातून म्हणाली, "अशी."

चहा उकळेपर्यंत हे सुख टिकलं. मग आकडा उतरायला लागला. तीस, चोवीस, अठरा. पुन्हा पाय हवेत.

"दमली," सुदर्शननं झाकण मिटलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं लॅपटॉप मागितलाच नाही.

वृषालीनं परसात जाऊन हमदानला व्हिडिओ कॉल लावला. तो एकच म्हणाला, "ठिवता कशावर ते दाखवा." तिनं गोधडी कॅमेऱ्यासमोर धरली.

"वहिनी, त्याच्या नाकपुड्या खालच्या अंगाला हायेत. तुमी नाक दाबून पळवताय. लई तापला की जळू नये म्हणून तो आपसूक हळू व्हतो. कडक टेबलावर ठेवा, बुडाशी दोन बुचं सरकवा. मग बघा."

फोन ठेवला आणि वृषाली हौदाच्या कडेला बसून राहिली. झूल काढली तर मांडी भाजणार. झूल ठेवली तर घोडी दमणार. टेबलावर ठेवला तर खाटेवरून हात पोचणार नाही. टेबलाशी पोचायचा रस्ता एकच होता आणि त्याच्यावर आज चादरी वाळत पडल्या होत्या. हे तिला सांगता येत नव्हतं. त्याला तर नाहीच, आणि म्हातारीला त्याहून नाही. चार पदरी टाके घातले होते तिनं, चष्मा कपाळाला बांधून.

"मला आयकू येतंय बरं का अजून," मागून कुशाबाई म्हणाली. शेळीला पाला टाकत उभी होती. "माझी झूल नडली म्हन की."

"तसं नाय, आई…"

"तसंच हाये. मागं एकदा आमच्या पाड्यावर, कवळ्या बैलावर, मी भर उन्हाची झूल टाकली. पळून आलाय तर उबेत ऱ्हावा म्हनून. उकडून खाली बसला त्यो. तुझा सासरा आठ दिस बोलला नाय माझ्याशी." ती जरा हसली. "माया बी जागा बघून करावी लागती, पोरी. चल."

ती घरात गेली. खिडकीशी टेबल होतं, त्यावरचे डबे तिनं खाली उतरवले. सुदर्शनच्या उशाचा लॅपटॉप उचलून टेबलावर ठेवला. खुर्चीवरच्या चादरी काढून वृषालीच्या अंगावर टाकल्या. मग ती गोधडी घेतली, दोनदा झटकली आणि खुर्चीच्या बैठकीवर नीट पसरली.

"हितं बस."

"नाय."

"मंग ऱ्हाऊ दे. मांडीवर ती गुदमरती. तिला मोकळं वारं लागतं. तुला पळवायची असंल तर हितं येऊन पळव, नाय तर नको." आणि ती शेळीकडं निघून गेली. मागं वळून पाहिलं नाही.

त्या दिवशी तो खाटेवरच राहिला. वृषालीनं जेवणही तिथंच वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती झाडून काढत होती. सुदर्शन छताकडं बघत म्हणाला, "टेबल लई उंच तर नाय?"

"नाय."

"मी पडलो तर?"

"मी धरीन की."

"तुला झेपायचो का मी?"

"लग्नात झेपला व्हता," वृषाली म्हणाली. तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा नाकातून हसला.

दोघींनी मिळून त्याला उचललं. बसता क्षणी त्याचा चेहरा पांढरा पडला, कपाळाला घाम आला. डॉक्टरांनी असं होईल म्हणून सांगितलं होतं. वृषालीनं त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरून ठेवलं. कुशाबाईनं त्याचे पाय उचलून खुर्चीच्या पायरीवर ठेवले, एक, मग दुसरा, आणि पायजम्याची शिवण सरळ केली, चुरगळून मांडीला काचू नये म्हणून. घेरी ओसरली. सुदर्शननं डोळे उघडले तर समोर खिडकी. कित्येक महिन्यांनंतर त्याला रस्ता दिसत होता.

"लाव," तो म्हणाला.

घोडी पळाली. वृषालीचं लक्ष आकड्यावर होतं, सुदर्शनचं रानावर. तीस, एकतीस, तीस. चहा आला आणि गार झाला. लाकूड आलं, गेलं. ओढा आला. घोडी ओढ्यातून पाणी उडवत गेली आणि पलीकडच्या टेकाडाला भिडली. ते चित्र काही फार देखणं नव्हतं. झाडांना सावल्या नव्हत्या, लांबचे डोंगर कापडाच्या तुकड्यासारखे दिसत होते. पण पाय कुठं अडकला नाही. टेकाडावर पोचल्यावर सुदर्शननं वेग कमी केला आणि घोडी हळूहळू चालवायला लागला.

"दमली का?" वृषालीनं घाबरून विचारलं.

"नाय गं. पळवून आणली की एकदम उभी करायची नसती. चालवत गार करायची." बराच वेळ त्यानं ती चालवली. मग हात खाली घेतले आणि बायकोच्या मनगटावर एक ठेवला. "सांच्याला परत बसव मला."

तो रोज बसायला लागला. सकाळी, संध्याकाळी, मग जेवायलाही. पाठीची कातडी सुधारली. खुर्चीत बसून तो खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायला लागला, लोक आत यायला लागले. घाटात त्या दिवशी असलेलेही आले. लोळलेल्या माणसापुढं जी माणसं नुसती हळहळून उठत होती, ती बसलेल्या माणसापुढं बोलायला लागली. एकानं सांगितलं, पब्लिक आवरायला धावपट्टीच्या कडेला दोर बांधायचं ठरलं होतं, खांबही पुरले होते. दुसरा म्हणाला, बांधलेले दोर सोडायला लावले, स्टेजपुढं पाहुण्यांच्या गाड्या यायच्या होत्या म्हणून. सुदर्शननं सगळं ऐकून घेतलं. मग वृषालीला म्हणाला, "फोन लाव."

तुम्ही उचललात. "बोल सुदर्शन, लॅपटॉप कसा चाललाय?" असं तुम्हीच विचारलंत.

"लॅपटॉप चालतोय, साहेब. आमी चालवला. मला येगळं इचारायचंय. दोर कुणी सोडायला लावले?"

तुम्ही हॅलो, हॅलो म्हणालात. आवाज येत नाही म्हणालात आणि फोन ठेवलात. आवाज येत होता. वृषाली शेजारीच उभी होती, रेंजच्या चारही कांड्या भरलेल्या होत्या.

तो आता रोज त्याच वेळी फोन लावतो. खिडकीशी, पाठ सरळ ठेवून. चिडत नाही, शिव्या देत नाही, तेवढं काम मी करतो. तो फक्त विचारतो. दोर का सोडले, आणि कुणाच्या सांगण्यावरून? उचला फोन, साहेब, आणि उत्तर द्या.