माहेरच्या खिडक्या

बोहुमीर क्रातिना जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा कुठे शहरातल्या कलादालनाला त्याची आठवण झाली. जिवंतपणी त्याची चित्रं त्यांनीच दोनदा परत पाठवली होती. त्यामुळे प्रदर्शनाचं पत्र वाचून त्याच्या बायकोला, द्राहोमीराला, आकाश ठेंगणं झालं.

अडचण एकच. चित्रं घरात नव्हतीच. गावातली मुलगी लग्न होऊन निघाली की तिच्या माहेरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जे दिसतं, ते बोहुमीर रंगवून तिला द्यायचा. अशी एकेचाळीस चित्रं आसपासच्या गावांत भिंतींवर टांगलेली होती.

द्राहोमीराने सायकल काढली. खाटकाच्या व्लास्ताने उंबऱ्यातच नकार दिला.

"वर्षभर नेणार? मग कणीक मळताना मी बघू कुणाकडे, नवऱ्याकडे?"

"अगं, बोहुमीरचं नाव होईल."

"झालंय की! माझी नातवंडंसुद्धा सांगतील हे कुणाचं चित्र ते."

पुढच्या दोन घरांतही तेच. द्राहोमीराचं डोकं तापलं. शेवटी ती ब्लाझेनाकडे गेली. ब्लाझेना ऐंशीची, गुडघे गेलेले. तिचं माहेर धरणाखाली बुडालं होतं.

"ने बाई," ती लगेच म्हणाली. "त्याच्यासाठी नाही कसं म्हणू?"

चित्र निघालं, भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. कॉफीचा कप घेऊन ब्लाझेना सवयीने त्या चौकोनासमोरच बसली. दारापर्यंत गेलेली द्राहोमीरा माघारी आली आणि तिने चित्र होतं तिथे टांगलं.

"का गं?"

"सायकलवर मावत नाही," द्राहोमीरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने कलादालनाच्या रिशावाबाईंना फोन केला. "चित्रं येणार नाहीत. तुम्हीच या."

सप्टेंबरात बस भरून माणसं आली आणि घरोघर हिंडली. व्लास्ताने आलुबुखारचा मुरंबा भरून पाव भाजले होते. "चित्राला हात लावायचा नाही, आणि खाल्ल्याशिवाय हलायचं नाही," असा तिचा हुकूम होता. रिशावाबाई ब्लाझेनाशेजारी तासभर बसल्या. कुठलं शेत कुणाचं, कुठल्या झाडाच्या चेरी आंबट, सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

तेव्हापासून दर सप्टेंबरात हे ठरूनच गेलंय. गेल्या वर्षी चित्रकला शिकणाऱ्या एका मुलीने द्राहोमीराला विचारलं, "आजी, आपल्याला कुणी ओळखत नाही याचं आजोबांना वाईट नाही वाटलं?"

"त्याला?" द्राहोमीरा हसत सुटली. "पोरी लग्नं घाईत ठरवतात, याचं वाटायचं. रंग वाळायच्या आत वऱ्हाड दारात! निम्म्या नवऱ्या ओलं चित्र मांडीवर धरून सासरी गेल्या."