गेटचा गंज

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे. आमच्या झाडीपट्टीत भात-भाजी शिजवायच्या मोठ्या भांड्याला गंज म्हणतात. याच शब्दाचा दुसरीकडे काय अर्थ होतो, हे मला या उन्हाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं. सगळा घोटाळा तिथंच झाला.

माझा जन्म भंडाऱ्याचा. हातोड्याचे घाव सोसून मला हे गोल पोट मिळालं. सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात मी बैलगाडीतून आलो. त्या काळी विहाराकडच्या वस्तीला लग्नासाठी गावातली भांडी मिळत नसत. मग वस्तीतल्या बायांनी धानाच्या रोवणीला जाऊन मिळालेल्या मजुरीतून मूठ मूठ बाजूला ठेवली आणि मला आणलं. माझ्या काठावर कोरलेलं आहे, 'समस्त महिला'.

माझ्यात पहिला भात शिजला तो सत्यशीलाबाईंच्या लग्नाचा. नवरी असूनही त्या मांडवामागे येऊन मला हळूच बघून गेल्या होत्या. पुढं वस्तीतलं एकही लग्न माझ्याशिवाय झालं नाही. पंगतीतले म्हातारे म्हणत, "गंजातला भात होय बाबू, मोकळा होते."

मग केटरर आले आणि त्यांच्यासोबत हलकी भांडी आली. माझी कल्हई उडाली. सत्यशीलाबाईंच्या घरी धान साठवायच्या ढोलीमागं मी पडून राहिलो. माझ्यात फाटकी पोती भरली. एकदा मांजर व्याली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, तेवढीच ऊब मिळाली.

या उन्हाळ्यात बाईंचा नातू अश्वजित याचं लग्न पुण्यात झालं आणि गावात रिसेप्शन ठरलं. रिसेप्शन म्हणजे काय, ते मला कळेना. लग्न तर होऊन गेलेलं, मग नवरानवरीनं पुन्हा सजून खुर्चीवर का बसायचं? बाईंचीही तीच गत. त्यांचा मुलगा श्रावण यादी वाचून दाखवत होता.

"आई, आधी स्टार्टर राहीन."

"काऊन? मोटर बिघडली का?"

"मोटरीचं नाई व आई! जेवणाच्या आधीचं खाणं."

"मंग जेवण कायले? अन् उभ्यानं खायचं म्हनते? पाहुणे का बसस्टँडवर येऊन राह्यले?"

श्रावण हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. "तुले जे करायचं ते कर. भात गंजातच शिजन. नातसून पहिला घास त्यातलाच खाईन."

त्यांनी मला चिंच आणि राख लावून दोन दिवस घासलं. कल्हईवाला बोलावला. मग वस्तीतल्या बायांना येता-जाता दिसावं म्हणून मला अंगणाच्या गेटला टेकवून उभं केलं. कितीतरी वर्षांनी माझ्यात आभाळ दिसलं.

श्रावणनं घराचा व्हिडिओ काढून पुण्याला पाठवला. संध्याकाळी नातसुनेचा, संघप्रियाचा, निरोप आला. त्यानं तो मोठ्यानं वाचला, "बाबा, तयारी छान दिसतेय. फक्त गेटचा गंज तेवढा काढून टाका. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."



"शहरातली पोरगी होय, आई," श्रावण म्हणाला. "मोडीत देऊन टाकू."

बाईंनी माझ्या काठावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

माझं काय चुकलं, हेच मला उमगेना. चकाकत नव्हतो तेव्हा मला कुणी हाकललं नाही. चकाकलो आणि नजरेत खुपलो?

सकाळी श्रावणनं मला मोटारसायकलच्या मागं दोरीनं बांधलं. गाडी गेटमधून निघणार, तेवढ्यात बाई आडव्या आल्या. "थांब. मले तिले इचारून पाहू दे." त्यांनी स्वतः फोन लावायला सांगितला.

"पोरी, गंज तुले काऊन नाई पाहिजे? माह्या लग्नाचा भात शिजला होता त्यात."

"आजी... गंजात भात?" पलीकडून गोंधळलेला आवाज आला. "अहो, लोखंडाला चढतो तो गंज! तुमच्या गेटला लागलाय ना. दिसायला वाईट, शिवाय साडीला डाग पडेल म्हणून म्हटलं."

"अव त्याले जंग म्हनते व!" बाईंनी कपाळाला हात लावला. "त्या जंगापायी माहा गंज चालला होता मोडीत!"

श्रावण गाडीवरच बसून हसत सुटला. दोरी मात्र बाईंनी सोडली.

या गडबडीत गेट घासायचं सगळेच विसरले. रिसेप्शनच्या दिवशी संघप्रिया आत येताना तिची पांढरी साडी गेटला घासली आणि तिच्यावर तांबूस डाग पडला. ती तशीच चुलीपाशी आली, माझ्या काठावरची अक्षरं तिनं वाचली आणि भुईवर मांडी घालून बसली. "आजी, वाढा."

ती बसली म्हणून बाया बसल्या, मग पाहुणेही ताटं घेऊन ओळीनं बसले. मांडलेली टेबलं तशीच राहिली.

"आजी, हा एक गंज आणि हा एक गंज," डागाकडे आणि माझ्याकडे बोट करत ती म्हणाली. "हा निघेल का हो?"

"दोन्ही नाई निंगत, पोरी," बाई म्हणाल्या आणि तिला आणखी भात वाढला.

मित्रांनो, कुणासाठी म्हणून घरातली जुनी वस्तू मोडीत काढाल, तर आधी त्यालाच एकदा विचारा. आणि आमच्यासारख्यांना अधूनमधून कल्हई करत जा. रिसेप्शन म्हणजे काय, ते मला अजूनही कळलेलं नाही. पण त्या दिवशी भात सगळ्यांना पुरला.